डब्यांखालची जनावरं

परवा महाद्वार रोडला एका दुकानात शिरले आणि दिवाळीची ग्रीटिंग कार्डं आहेत का, असं विचारलं. काउंटरवरची मुलगी क्षणभर माझ्याकडं बघतच राहिली. "कार्डं आता कोण घेतंय, काकी?" म्हणाली. मग मला वाईट वाटलं असेल अशा समजुतीनं आतून एक खोका घेऊन आली. त्यात वाढदिवसाची चार-दोन कार्डं होती, कडा पिवळ्या पडलेली. टोपलीतलं मांजराचं पिल्लू, गुलाबांचा गुच्छ, समुद्रावरचा सूर्यास्त. मी हसून नको म्हटलं आणि बाहेर आले.

बाहेर दसऱ्यानंतरचं ऊन पडलं होतं. कोल्हापुरातलं हे ऊन मला फार आवडतं. चार महिने पावसानं काळ्या पडलेल्या भिंती त्यात सावकाश सुकत जातात. कौलांवरचं शेवाळ पिवळं पडतं. वारा पंचगंगेकडून आला तर त्यात गुऱ्हाळाचा गोडसर, करपट वास मिसळलेला असतो. तो आला की मला त्याच्या मागोमाग दुसरा एक वास यायला हवा असं वाटत राहतं. छापखान्याच्या शाईचा. तो आता येत नाही. तरी नाक वाट बघतं.

दसऱ्यापासून नव्या वर्षापर्यंत आमच्या घरात कार्डांचा हंगाम असायचा. असे कितीतरी हंगाम आले आणि गेले, एकात एक मिसळून गेले. एकच तेवढा वेगळा राहिलाय. त्याच्यातलं ऊनसुद्धा मला वेगळं ओळखू येतं.

माझं माहेर वारणानगरचं. वडील कारखान्यात कामाला, घर कॉलनीतलं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. नव्वदचं दशक अर्धं झालं असेल तेव्हा लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, गंगावेशीजवळच्या एका छापखान्याच्या घरात. खाली छापखाना, वर आम्ही. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि हंगामात ग्रीटिंग कार्डं. खाली छपाईचं ट्रेडल मशीन सुरू झालं की वर मांडणीतले पेले एकमेकांना लागून बारीक वाजत राहायचे. सुरुवातीला मला त्या आवाजानं झोप यायची नाही. पुढं पुढं तो थांबला की जाग यायला लागली.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्ती. आत्तींचं माहेर जयसिंगपूरच्याही पुढं, सीमेकडच्या एका खेड्यातलं. आमच्याशी मराठी, माहेरच्या माणसांशी कन्नड, आणि राग आला की दोन्ही. इथल्या बायकांसारखंच "मी जातो", "मी येतो" म्हणायच्या. सकाळी आंघोळ करून कपाळाला विभूती लावली की दिवसभर कामात. मला त्या कधी रागावल्या नाहीत आणि कधी जवळ बसवून काही बोलल्याही नाहीत. एका स्वयंपाकघरात दोघी वावरायचो, एकमेकींच्या हातात वस्तू द्यायचो, आणि दिवस संपायचा. पहिलं वर्ष असंच गेलं. माणूस वाईट नाही, पण दार कुठल्या बाजूला आहे ते सापडत नाही, अशी काही माणसं असतात. आत्ती मला तशा वाटायच्या.

दुसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही स्वयंपाकघर आवरायला काढलं. आत्ती चिवड्याचे पोहे उन्हात घालून आल्या होत्या आणि चाळत बसल्या होत्या. मी स्टुलावर चढून फळीवरचे डबे एकेक करून खाली देत होते. डब्यांखाली जाड कागद अंथरलेले होते. तुरडाळीच्या डब्याखालच्या कागदावर तेलाचा मोठा गोल डाग पडला होता. बदलायला हवा म्हणून मी तो ओढून काढला आणि सहज उलटा केला.

मागच्या बाजूला एक म्हैस होती.

म्हैस म्हणजे पाठ्यपुस्तकातली नव्हे. शिंगं म्हणजे कोयत्याच्या पात्यासारख्या दोन रेघा. अंग म्हणजे पावसानं भरलेला एकच काळा ढग, आणि त्या ढगाच्या पोटात गडद निळा रंग. डोळ्याच्या जागी काहीच काढलेलं नव्हतं, कागद नुसता कोरा सोडला होता. पाय इतके बारीक की एवढं धूड त्यांवर कसं उभं आहे असं वाटावं. पण ती उभी होती. नुसती उभी नव्हती, रवंथ करत होती. चित्रातल्या म्हशीचा जबडा हलत नाही हे मला कळत होतं, तरी सांगते, ती रवंथ करत होती.

मी शेंगदाण्याच्या डब्याखालचा कागद उलटला. शेळी. तिचं तोंड म्हणजे एक त्रिकोण, आणि त्यात सगळा हट्ट भरलेला. गुळाच्या डब्याखाली गाढव, मान खाली घालून. पोह्यांच्या डब्याखाली कोंबडी, पिसांच्या जागी नुसते सपासप ओढलेले पांढरे वार. वर्षभर मी हे डबे काढत होते, पुसत होते, परत ठेवत होते, आणि त्यांच्याखाली एवढी जनावरं पालथी पडली होती.

"आत्ती, हे कुणी काढलंय?"

"कुठलं?" त्यांनी मान वर केली नाही.

"हे. म्हैस."

"मीच की."

"तुम्ही?"

"कागद जाड हाय. वाया कशाला घालवायचा म्हणून अंथरला. शाई डब्याला लागंल म्हणून उलटा. पूस आणि घाल परत."

मी स्टुलावरून खाली उतरले आणि तो कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. परत घातला नाही. त्यांनी चाळण बाजूला ठेवली. कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पोह्यांचा भुसा त्यांच्या केसांवर, भुवयांवर बसला होता.

त्या दुपारी आत्ती पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. लग्नाआधी त्या कोल्हापुरात आपल्या आईच्या भावाकडं राहून चित्रकलेच्या वर्गाला जायच्या. सीमेवरच्या खेड्यातली लिंगायताची मुलगी, आणि शिकायला काय तर चित्रं! पण त्यांचे वडील म्हणाले, जाऊ दे. वर्गातले एक मास्तर परदेशी जाऊन आले आणि येताना कार्डांची एक चवड घेऊन आले. प्रत्येक कार्डावर तिकडच्या नव्या चित्रकारांनी काढलेली जनावरं. मूळ चित्रं लाकडावर किंवा लिनोच्या रबरासारख्या मऊ लादीवर कोरून छापलेली, आणि कार्डावर त्यांची लहान छपाई.

"एका कार्डावर बैल हुता," आत्ती म्हणाल्या, "नुसत्या चार-पाच रेघा. एकावर घुबड, चौकोनी. घोडा तर लाल. आम्ही पोरी फिदीफिदी हसाय लागलो. मास्तर म्हणले, हसा. पण हसून झालं की घरी जावा आणि आपल्या म्हशीकडं बघा."

"मग?"

"मग काय. सुट्टीला गावाकडं गेलतो तवा बघितलं. लई वेळ बघत बसलो. तवापासनं फोटोवाणी म्हस मला काढायलाच येईना झाली."

शेवटचं वर्ष राहिलं आणि लग्न झालं. पण हात थांबला नव्हता. दुपारी सगळे आडवे झाले की त्या लिनोचे तुकडे घेऊन बसायच्या. कोरायची हत्यारं छत्रीच्या काड्यांची, दगडावर घासून धार लावलेली. शाई छापखान्यातली, दिवसाचं काम संपल्यावर पाट्यावर उरलेली. वर कागद ठेवून वाटीच्या बुडानं घासायचं की ठसा उठायचा.

"म्हैस निळी का काढलीत?" मी विचारलं. मला वाटलं, आता काहीतरी खोल ऐकायला मिळणार.

"त्या दिशी निळी शाई उरलती."

आम्ही दोघी हसलो. एकदम, एकाच वेळी. त्या घरात आल्यापासून तसं पहिल्यांदाच.

"मामांना माहीत आहे?"

"म्हाईत नसायला काय झालं? शाई त्यांचीच की."

त्या दिवसांत दुपारी माझा डोळा लागला की ती जनावरं मला दिसायची. फळीवरून उतरायची, डब्यांना धक्का न लावता, जिन्यावरून एकामागून एक. छापखान्यात मशीन चालू असायचं, त्याच्या तालावर चालत बाहेर पडायची, आणि गंगावेशीतून रंकाळ्याकडं जायची. पुढं निळी म्हैस, मागं गाढव, शेवटी कोंबडी. पाण्याच्या काठाला जाऊन उभी राहायची आणि पाण्यात त्यांची सावली पडायची नाही, ठसा उठायचा. मी जागी झाले की पेले वाजत असायचे.

चित्रं आम्ही दोरीवर लावून ठेवली. नवऱ्यानं दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती बघितली. मग म्हणाला, "लहानपणी बघितलेली. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया काढत असतील." त्याच दिवशी जेवताना मी धीर करून मामांपुढं विषय काढला. औंदाच्या कार्डांवर हीच घेऊया का?

मामा भाकरी मोडता मोडता थांबले. मामा बोलायला कडक, पण कामात चोख माणूस. पत्रिकेत एक वेलांटी चुकली तर अख्खी थप्पी बाजूला टाकणारे. त्यांच्याकडं दिवाळीच्या कार्डांचे ठरलेले ब्लॉक होते. समई, रांगोळी, लक्ष्मीची पावलं. वर्षानुवर्षं तेच.

"म्हस?" ते म्हणाले. "दिवाळीला?"

"का? चांगली नाही काढलेली?"

"वाईट हाय असं कुठं म्हणालो मी? दिवाळीला चालायची न्हाय एवढंच म्हणतोय. लोक दिवा बघतात, फूल बघतात. म्हस दारात उभीच हाय की त्यांच्या, विकत कशाला घेतील?"

"थोडी छापून बघू," नवरा म्हणाला.

मामांनी आत्तींकडं बघितलं. आत्ती ताकात मीठ ढवळत होत्या, अगदी मन लावून.

"करा काय करायचं ते," मामा म्हणाले. "पण मागं माझ्या छापखान्याचं नाव नको."

आणि आत्तींचं नाव घालावं, हे तेव्हा कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही. कार्डाची मागची बाजू कोरी राहिली.

मूळ ठसे वहीच्या पानाहून मोठे होते. त्यांचे फोटो काढून जस्ताचे लहान ब्लॉक करून आणले. पहिलं कार्ड मशीनवरून उतरलं तेव्हा मी ते ओलंच वर घेऊन गेले. आत्तींनी तळहातावर ठेवून बघितलं. एवढी मोठी म्हैस तळहातात मावली होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "रेडकू झालं की गं हिचं!"

पण त्यांनी ते खाली ठेवलं नाही. गॅसवरची कढई तापून धूर निघायला लागला तरी ठेवलं नाही.

आधी काळा, तो वाळला की निळा, असे दोन वेळा कागद मशीनमधून काढायचे. वाळत घालायला छापखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या. त्यांवर कार्डं लटकायची, म्हशींचा कळपच्या कळप. दार उघडलं की वाऱ्यानं सगळ्या एका दिशेला वळायच्या. मी जेवायला बोलवायला म्हणून खाली जायचे आणि तिथंच उभी राहायचे. शाईचा, रॉकेलचा, नव्या पुठ्ठ्याचा वास. वरून चकल्या तळल्याचा वास. बाहेर आकाशकंदिलांच्या कागदावरून गाळून आलेला लाल-हिरवा उजेड. सुख आलेलं असताना कळत नाही म्हणतात. मला कळत होतं.

दारात टेबल मांडून आम्ही कार्डं ठेवली. एका बाजूला मामांच्या समया आणि रांगोळ्या, दुसऱ्या बाजूला आत्तींची जनावरं. लोक यायचे, उचलायचे, हसायचे. "ह्ये काय पोरानं काढलंय व्हय?" कुणी शेळीच्या तोंडावर बोट ठेवून म्हणायचं, "ही तर आमची वहिनी." हसून झालं की समया घेऊन जायचे. कॉलेजच्या दोन मुलींनी कोंबडी घेतली, बाकी काही हललं नाही.

आणि मग गडहिंग्लजच्या आक्का आल्या. मामांची थोरली बहीण. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर यायच्या. रिक्षातून उतरल्या आणि टेबलापाशीच थांबल्या.

"आरं," त्या दारातूनच ओरडल्या, "ह्ये काय मांडलंयस दारात? यमाचं वाहन! आन् दिवाळीच्या शुभेच्छा? लोकाच्या घरी मरण धाडतोस व्हय?"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मामा बाहेर आले. जनावरांची सगळी कार्डं गोळा केली, खोक्यात भरली आणि आत नेऊन मशीनच्या मागं ठेवली. एवढंच. ते हळू हातानं उचलत होते, एकही दुमडू न देता, हे मी बघितलं.

आत्ती वर जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते. त्यांनीच आक्कांना पाणी दिलं, चहा दिला, फराळाचं ताट दिलं. सगळं झाल्यावर आत्तींनी छत्रीच्या काड्यांची हत्यारं एका फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

"आत्ती, असं काय करता?"

"न्हाय गं. पुरे झालं. हातबी दुखतोय." मग जरा थांबून म्हणाल्या, "डब्याखाली हुती तवा कुणाला त्यांचा तरास न्हवता."

पुढचे दोन-तीन दिवस त्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. वस्तू हातात द्यायची, वस्तू हातातून घ्यायची. नरकचतुर्दशीला त्यांनी माझ्या अंगाला उटणं लावलं, पण बोलल्या नाहीत. लक्ष्मीपूजनाला दारात पणत्या लागल्या, मशीनची पूजा झाली, मशीनला झेंडूची माळ घातली. मला मात्र मशीनच्या मागचा तो खोका तेवढा दिसत होता.

पाडव्याच्या सकाळी दत्तू गवळी दूध घेऊन आला. गंगावेशीतल्या कट्ट्यावर त्याच्या म्हशी संध्याकाळी उभ्या असायच्या. लोक समोर धार काढून घ्यायचे आणि फेसासकट तिथंच प्यायचे. सकाळचं दूध तो घरी पोचवायचा. त्या दिवशी तो घाईत होता, कारण पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा दिवस. त्यांना सजवून मिरवायचं, पळवायचं. पातेलं घेऊन मी खाली गेले तर हा छापखान्याच्या दारात उभा. मागच्या खिडकीतून फटाक्यांच्या ठिणग्या येतील या भीतीनं मामांनी मशीनच्या मागचं सामान पुढं आणून ठेवलं होतं. खोक्याचं तोंड उघडं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "ही आमची चंद्री हितं कशी?"

त्याच्या हातात निळी म्हैस होती.

"तुमची चंद्री?"

"व्हय की. चंद्री निळी न्हाय, ते सोडा. पण उभी राहती ती अश्शीच. येक पाय ढिला सोडून, जगाची फिकीर नसल्यागत. कुणी काढली?"

"आत्तींनी. कट्ट्यावरच बघितली असणार त्यांनी."

दत्तू पातेल्यात दूध ओतायचं विसरून कार्ड उन्हात तिरकं धरून बघत राहिला. मग म्हणाला, "ही द्या मला. समदी द्या. गल्लीत वाटतो. आमच्या म्हशीचं चित्तर कोण काढतंय वो?"

मी मामांकडं बघितलं. ते मशीनची माळ सारखी करत होते. "दे," म्हणाले.

दुपारी हलगीचा आवाज यायला लागला. मी आत्तींना ओढतच सज्जात नेलं. आधी धूळ दिसली, मग मोटारसायकली, सायलेन्सर काढलेल्या, कान फाटतील असा आवाज. आणि त्यांच्या मागून म्हशी. शिंगं लाल, हिरवी रंगवलेली. शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पाठीवरचे केस कापून काढलेली नक्षी. तेल लावलेली काळी अंगं अशी चमकत होती, की त्यांत खरोखरच निळा रंग दिसत होता. मी पहिल्यांदा बघितला. काळ्याच्या आत निळा.

आणि प्रत्येकीच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मध्ये, झेंडूच्या फुलांबरोबर ओवलेलं एक कार्ड. म्हशीच्या कपाळावर म्हैस. त्या मान हलवायच्या तशी ती निळी म्हैस हलायची.

आत्तींनी कठडा घट्ट धरला.

दत्तूनं चंद्रीला बरोबर आमच्या दारात थांबवलं. "मावशी!" तो खालून ओरडला. "या खाली, ओवाळा तुमच्या म्हशीला!"

आत्तींनी ओवाळणीचं ताट कधी घेतलं आणि त्या जिना कधी उतरल्या मला कळलं नाही. गर्दीनं वाट दिली. चंद्री शांत उभी होती, मागचा एक पाय ढिला सोडून. आत्तींनी तिच्या कपाळाला, कार्डाच्या जरा वर, कुंकू लावलं. मग तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन कन्नडमध्ये म्हणाल्या, "बा, तायी, बा." ये, आई, ये. म्हशीनं त्यांच्या पदराला नाक लावून मोठ्यानं श्वास सोडला.

"कुणी काढलंय ह्ये चित्तर?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. दत्तूनं चंद्रीच्या कपाळावरचं कार्ड उलटं केलं. मागं काहीच नव्हतं. त्यानं मामांना हाक मारली, कोल्हापुरी आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "ओ मालक! मागं नावच न्हाय की! मावशींचं नाव कुठं गेलं?"

मामा दारात उभे होते. त्यांनी एकदा आत्तींकडं बघितलं आणि वळून आत गेले. मला वाटलं, झालं. आता सणाच्या दिवशी घरात अबोला.

म्हशी पुढं गेल्या, धूळ खाली बसली. मी आत डोकावले तर मामा छापायच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांसमोर चष्मा लावून बसलेले. सणाच्या दिवशी ते कधी कामाला हात लावत नसत. आत्ती माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"नाव कुठलं घालू?" मामांनी मान न वळवता विचारलं. "हिकडचं का तिकडचं?"

लग्नात आत्तींचं नाव बदललं होतं. घरात, रेशनकार्डावर, सगळीकडं त्या सुशीला होत्या. दुसरं एक नाव होतं हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

दूर गेलेल्या हलगीचा आवाज तेवढा येत होता.

"तिकडचं घाला," त्या म्हणाल्या. "चित्र तिकडनंच आलंय."

मामा एकेक खिळा उचलून जुळवायला लागले. जोडाक्षराचा खिळा त्यांना चटकन सापडला. सीमेकडच्या लग्नपत्रिकांत तो सारखा लागतो. संध्याकाळी पाडव्याचं ओवाळायला आत्तींनी पाट मांडला. मामा टोपी घालून पाटावर बसले. ओवाळून झाल्यावर त्यांनी खिशातून कागदाची एक चिठोरी काढून ताटात ठेवली. शाई अजून ओली होती. वर एकच ओळ होती. 'चित्र: गौरव्वा'.

आत्तींनी ती वाचली. पदर तोंडाला लावला. मामा छताकडं बघत म्हणाले, "नव्या वर्षाच्या कार्डांवर घालूया. मागं. छापखान्याच्या नावाच्या वर."

त्याच आठवड्यात माळ्यावरचं फडकं खाली आलं.

पुढं पुष्कळ हंगाम गेले. दरवर्षी एक नवीन जनावर. दसरा जवळ आला की लोक दारात येऊन विचारायचे, "औंदा काय?" आत्ती आणि मी संध्याकाळी जनावरं बघायला बाहेर पडायचो. कधी कुंभार गल्लीतली गाढवं, कधी मंडईतली गलेलठ्ठ मांजर, कधी रंकाळ्यावरचं कुणाच्याही मालकीचं नसलेलं कुत्रं. त्या काढायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मलाही त्यांनी कोरायला शिकवायचा प्रयत्न केला. माझी शेळी खुर्चीसारखी झाली. "बसायला बरी हाय," आत्ती म्हणाल्या. एका वर्षी गडहिंग्लजच्या आक्कांनीसुद्धा कोंबड्याची कार्डं मागून नेली, पण म्हैस शेवटपर्यंत घेतली नाही. त्यांचंही बरोबरच असेल. ज्याची भीती वाटते ते चित्रातही दारात येऊ नये असं वाटतं माणसाला.

दोन हजार साल उलटलं. ट्रेडल गेलं, ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला. मांडणीतले पेले वाजायचे थांबले. मग मोबाइल आले आणि शुभेच्छा न बोलता, न लिहिता, बोटाच्या टोकानं जायला लागल्या. आधी कार्डं कमी झाली, मग आमच्या माणसांपुरती राहिली. मामा गेले त्या वर्षी आत्तींनी कावळा कोरला. भला मोठा, पाठमोरा. त्याचं कार्ड केलं नाही. एकच ठसा काढला, वाळवला, आणि लिनोचा तुकडा पंचगंगेत सोडून आल्या. त्यानंतर बोटं वळेनाशी झाली आणि कोरणं थांबलं.

त्यानंतरच्या एका दिवाळीत आम्ही राधानगरीला गेलो. माझ्या नणंदेचं सासर तिकडं. भात कापणीला आलेलं, हवेत गारठा. परतताना धरणाच्या वरच्या रस्त्यावर नवऱ्यानं एकाएकी गाडी थांबवली. झाडीच्या कडेला गवा उभा होता. एकटा. संध्याकाळच्या उजेडात तो जनावर वाटत नव्हता, डोंगराचा तुकडा तुटून खाली आल्यासारखा वाटत होता. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. खांदे असे उचललेले, की आत्तींनी आयुष्यभर काढलेल्या सगळ्या रेघा त्याच्या अंगावर दिसत होत्या.

मी घाईनं पर्समधून पेन काढलं, कशाचा तरी कागद काढला, आणि मागच्या सीटवर आत्तींच्या मांडीवर ठेवला.

"आत्ती, काढता?"

त्यांनी कागद हातानं बाजूला सारला. काच खाली केली. गार वारा आत आला, आणि त्यात ओल्या पाल्याचा, जनावराच्या अंगाचा वास.

"सुम्न," त्या म्हणाल्या. गप्प.

आम्ही गप्प बसलो. गवा मान वर करून आमच्याकडं बघत राहिला. आत्ती त्याच्याकडं बघत राहिल्या. कुणालाच घाई नव्हती. मग तो सावकाश वळला, आणि झाडी त्याच्यामागं मिटली.

नवऱ्यानं गाडी सुरू केली. बराच रस्ता मागं पडल्यावर आत्तींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोटं थंडगार पडली होती.

"समदंच कागदावर आणायचं न्हाय गं," त्या म्हणाल्या. "एखादं तरी रानात राहू दे."

खाली धरणाचं पाणी अजून उजळ होतं. आत्तींच्या बाजूची काच मी वर करायला सांगितली नाही.